राजापूर लोकसभा मतदारसंघ : एका ग्रामीण मतदारसंघाच्या निवडणूक-इतिहासाची मीमांसा

१

कोकणच्या दक्षिण भागातील राजापूर हा लोकसभा मतदारसंघ १९५७ साली अस्तित्वात आला आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेमुळे २००८ साली तो लोप पावला. मधल्या काळात या नावाखाली तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांपैकी पहिल्या आठ समाजवादी परंपरेतील दोन प्रतिनिधींनी जिंकल्या, एक काँग्रेसने जिंकली व शेवटच्या चार शिवसेनेने जिंकल्या. एवढ्या हिशेबावरून या मतदारसंघाचे वर्णन सामान्यतः ‘आधी समाजवाद्यांचा व मग शिवसेनेचा बालेकिल्ला’ असे केले जाते. हे वर्णन कितपत टिकते याची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी भाषेविषयी एक निरीक्षण नोंदविणे अवश्य आहे. निवडणुकीचा निकाल सांगण्यासाठी मराठीत दोन रचना उपलब्ध आहेत. ‘अमुक उमेदवार निवडून आला’ ही अकर्मक रचना होय, तर ‘लोकांनी अमुक उमेदवार निवडून दिला’ ही सकर्मक होय. पहिल्या रचनेत मतदाराला व्याकरणदृष्ट्या स्थानच नाही. पाऊस यावा किंवा पूर यावा त्याप्रमाणे उमेदवार ‘येतो’. ‘लाट’ हा निवडणूक-चर्चेतील लाडका शब्द याच रचनेशी जुळणारा आहे. ‘बालेकिल्ला’ या शब्दाची गतही निराळी नाही. किल्ल्याला धनी असतो, शिबंदी असते. मतदार मात्र त्या रूपकात तटाच्या दगडांच्या जागी बसतो. आपला बहुतेक निवडणूक-इतिहास ‘निवडून आले’ या क्रियापदाने लिहिला गेला आहे. राजापूरचा इतिहास ‘निवडून दिले’ या क्रियापदाने लिहू पाहिल्यास कोणते प्रश्न उभे राहतात, हे पुढे पाहावयाचे आहे.

२

प्रथम मतदारसंघाचे नाव व सीमा यांचा विचार करू. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन लोकसभा मतदारसंघ होते, आणि दोन्ही काँग्रेसकडे गेले. १९५७ मध्ये उत्तरेकडील मतदारसंघास ‘रत्नागिरी’ व दक्षिणेकडील मतदारसंघास ‘राजापूर’ असे नाव मिळाले. ज्या बंदरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती व जेथे शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये स्वारी केली, त्या जुन्या व्यापारी गावाचे नाव या मतदारसंघाला मिळाले खरे; परंतु हे गाव त्याच्या उत्तर अंगाला होते. मतदारसंघाचा मोठा विस्तार देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी असा गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला होता. त्यात ब्रिटिश अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्याचा मुलूख होता, तसाच पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानाचाही होता.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा झाला. त्यानंतरही सत्तावीस वर्षे लोकसभेच्या दफ्तरी ‘राजापूर’ हेच नाव चालत राहिले. २००८ च्या पुनर्रचनेत चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ व सावंतवाडी या सहा विधानसभा मतदारसंघांचा मिळून ‘रत्नागिरी–सिंधुदुर्ग’ हा मतदारसंघ करण्यात आला, आणि उत्तरेकडील दापोली व गुहागर हे भाग रायगडला जोडले गेले. अशा रीतीने अर्ध्या शतकानंतर राजापूरचे नाव लोकसभेच्या यादीतून नाहीसे झाले व विधानसभेच्या यादीत तेवढे उरले.

३

आता निकालांकडे वळू. १९५७ च्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै यांना निवडून दिले. त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्याविरुद्ध संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघातही काँग्रेसचा पराभव झाला आणि तेथे जनसंघाचे प्रेमजीभाई आसर विजयी झाले. तेव्हा १९५७ चा निकाल आंदोलनाच्या प्रभावाने समजावून देता येतो. राजापूरचे वेगळेपण त्यातून सिद्ध होत नाही.

ते वेगळेपण दिसू लागते १९६२ पासून. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले व आंदोलनाचे प्रयोजन संपले. १९६२ मध्ये राज्यातील ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. रत्नागिरी मतदारसंघही काँग्रेसकडे परतला व तेथून शारदा मुखर्जी लोकसभेत गेल्या. राजापूरने मात्र नाथ पै यांनाच पुन्हा पाठविले, आणि १९६७ मध्येही तोच कौल दिला. २७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा विसर्जित झाली व १८ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नाथ पै निवर्तले. मार्च १९७१ च्या निवडणुकीत राज्यातील ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने मिळविल्या. प्रजासमाजवादी पक्षाला अखिल भारतात दोनच जागा मिळाल्या. त्यांपैकी एक राजापूरची होती. तेथून निवडून दिले गेलेले मधु दंडवते हे तेव्हाच्या अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक होते.

दंडवते यांना राजापूरने पाच वेळा निवडून दिले : १९७१, १९७७, १९८०, १९८४ व १९८९. यांपैकी १९७७ व १९८९ ही वर्षे देशात काँग्रेसच्या पीछेहाटीची होती. १९८० साली मात्र राज्यातील ४८ पैकी ३९ आणि १९८४ साली ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. १९८४ मध्ये शेजारच्या रत्नागिरीने काँग्रेसचे हुसेन दलवाई यांना कौल दिला. राजापूरने जनता पक्षाचे दंडवते यांना दिला. म्हणजे १९६२, १९७१, १९८० व १९८४ अशा चार निवडणुकांत राज्याचा प्रवाह एका दिशेने वाहत असता राजापूरचा मतदार दुसऱ्या दिशेने गेला.

याच काळात उमेदवाराचे निवडणूक-चिन्ह बदलत होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. प्रजासमाजवादी पक्षाची झोपडी, १९७७ मध्ये नांगरधारी शेतकरी आणि १९८९ मध्ये जनता दलाचे चक्र अशी ही चिन्हे होती. साक्षरतेचे प्रमाण बेताचे असलेल्या प्रदेशात मतदार चिन्ह पाहून मत देतो, असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे. राजापूरच्या मतदाराने चिन्ह बदलले तरी माणूस ओळखला. ‘पक्षाचा बालेकिल्ला’ ही उपपत्ती येथे प्रथम लंगडी पडते. कारण ज्या पक्षाचा हा बालेकिल्ला म्हणावयाचा, तो पक्ष या अवधीत विलीन झाला, फुटला, नव्या नावाने उभा राहिला, आणि मतदार स्थिर राहिला.

४

या स्थैर्याची कारणे काय असावीत? सर्वसाधारणपणे तीन कारणे सांगितली जातात : जात, उमेदवाराचे व्यक्तिमत्त्व व मुंबईशी असलेला संबंध. तिन्हींचा क्रमाने विचार करू.

जातीचे कारण येथे फारसे उपयोगी पडत नाही. या प्रदेशात मराठा व भंडारी हे संख्येने मोठे समाज आहेत. वेंगुर्ल्याचे नाथ पै किंवा अहमदनगरचे दंडवते यांच्यापैकी कोणीही या बहुसंख्य समाजांच्या बळावर उभे नव्हते. दंडवते यांच्याबाबतीत तर ‘आपल्या गावचा’ हा दावाही शक्य नव्हता.

व्यक्तिमत्त्वाचे कारण निश्चितच वजनदार आहे. नाथ पै यांचे वक्तृत्व मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असामान्य मानले जाई. गोलकनाथ खटल्यात २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर, मूलभूत हक्कांसह घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करणारे खाजगी विधेयक त्यांनी मांडले. ते विधेयक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बाद झाले. परंतु त्याचा मुख्य आशय १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आला. दंडवते १९५५ च्या गोवा सत्याग्रहात सहभागी झाले होते, आणीबाणीत कारावासात होते, १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री व १९८९–९० मध्ये अर्थमंत्री होते. तथापि व्यक्तिमत्त्व हे कारण पुरेसे नाही. मोठी माणसे अन्यत्रही उभी राहिली व पडली. राजापूरच्या मतदाराला अशी माणसे पसंत का पडत होती, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो.

तिसरे कारण मुंबईचे. दक्षिण कोकणातील बहुसंख्य घरांतून निदान एक पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा पेढीवर कामाला असे, आणि त्याच्या मनीऑर्डरीवर गावचे घर चाले. त्याला ‘चाकरमानी’ म्हणतात. या स्थलांतराची खूण जनगणनेत आजही उमटलेली आहे : २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ व सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया होत्या. याचा निवडणुकीच्या दृष्टीने अर्थ असा की गावच्या मतदानकेंद्रावर स्त्रिया व वृद्ध यांचे प्रमाण लक्षणीय असणार. चाकरमान्याचा मताधिकार मात्र संदिग्ध होता. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदारयादीत नाव येण्यासाठी मनुष्य त्या ठिकाणी सामान्यतः राहणारा असावा लागतो. केवळ घर मालकीचे असल्याने तो तेथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेल्याने रहिवास नष्टही होत नाही. जो बारा महिन्यांपैकी गणपतीचे व शिमग्याचे दिवस तेवढे गावी असतो, त्याचा रहिवास कोठला? कायद्याच्या या दोन वाक्यांच्या मध्ये कोकणातील हजारो पुरुष उभे होते.

परंतु मुंबईचा संबंध रत्नागिरी व राजापूर या दोन्ही मतदारसंघांना सारखाच होता. रत्नागिरीने १९५७ ते १९९१ या काळात जनसंघ, काँग्रेस, जनता पक्ष व पुन्हा काँग्रेस असे कौल दिले. राजापूरचा कौल १९८९ पर्यंत एकाच परंपरेकडे राहिला. दोन्हीकडे समान असलेले कारण दोहोंमधील फरक समजावून देऊ शकत नाही. तेव्हा चाकरमानी हे एकटे कारण मानणेही चूक ठरते.

५

प्रस्तुत लेखकाचे मत असे की व्यक्तिमत्त्व व मुंबई ही दोन कारणे सुटी न घेता एकत्र घेतली पाहिजेत. चाकरमान्याच्या घरातील माणसांना प्रतिनिधित्वाची एक रीत रोजच्या अनुभवाने ठाऊक होती. घरातील एक शिकलेला, हुशार माणूस दूर पाठवावयाचा. त्याने तेथे घराचे नाव राखावयाचे, घरासाठी काही धाडावयाचे व वर्षातून एकदोन वेळा येऊन भेटावयाचे. तो नित्य अंगणात असावा अशी अपेक्षा नसते. त्याने परक्या ठिकाणी आपली बाजू मांडावी अशी असते. राजापूरच्या मतदाराने लोकसभेचा सदस्य याच नमुन्यावर निवडला, असे मानल्यास पुष्कळ गोष्टींची संगती लागते. बॅरिस्टर नाथ पै व प्राध्यापक दंडवते यांच्यानंतर १९९१ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आलेले सुधीर सावंत लष्करी सेवेतून आले होते, आणि १९९६ पासून शिवसेनेतर्फे चार वेळा विजयी झालेले सुरेश प्रभू हे मुंबईतील सनदी लेखापाल होते. पक्ष तीन आहेत. परंतु ज्याने आपली ओळख बाहेर, विद्येच्या किंवा सेवेच्या क्षेत्रात मिळविली आहे अशा माणसास दिल्लीला ‘धाडणे’ हा धागा चारही निवडींतून जातो.

मग रत्नागिरी मतदारसंघाने तसे का केले नाही? तेथील चाकरमानी कमी होते असे नव्हे. दक्षिणेत १९५७ ते १९७१ या चौदा वर्षांत नाथ पै यांच्या रूपाने हा नमुना एकदा प्रत्यक्ष सिद्ध झाला होता, व पुढच्या उमेदवाराची पारख करण्यासाठी मतदाराच्या हाती एक माप आले होते. उत्तरेत असे दीर्घ उदाहरण घडले नाही. पहिल्या प्रदीर्घ प्रतिनिधीने घालून दिलेला पायंडा हा मतदारसंघाच्या इतिहासात स्वतंत्र कारण म्हणून मोजला पाहिजे.

या उपपत्तीची कसोटी रेल्वेच्या प्रश्नात पाहावयास मिळते. पावसाळ्यात आगबोटी बंद, रस्ते घाटांचे व दूरचे, अशा प्रदेशात रेल्वे ही दोन पिढ्यांची मागणी होती, आणि चाकरमान्याच्या दृष्टीने तर ती घर व नोकरी यांना जोडणारी वाट होती. नाथ पै यांनी तिचा पाठपुरावा केला. दंडवते यांनी मंत्री या नात्याने तिला गती दिली. जुलै १९९० मध्ये, दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. आता निकाल पाहा. महामंडळ स्थापन झाल्यावर वर्षाच्या आत, १९९१ मध्ये, राजापूरच्या मतदाराने दंडवते यांना पाडले. गाडी सुरू झाली तेव्हा लोकसभेत राजापूरचे प्रतिनिधित्व शिवसेना करीत होती.

यास कृतघ्नता म्हणण्याचा मोह होतो. परंतु मत हे उपकाराची फेड आहे असे मानले तरच तो शब्द लागू पडेल. आणि ज्या मतदाराने चार वेळा सत्तेच्या प्रवाहाविरुद्ध जाऊन, म्हणजे तातडीच्या लाभाची आशा न धरता, प्रतिनिधी पाठविला, त्याच्यावर असा हिशेबी अर्थ लादता येत नाही. अधिक संभाव्य कारण मुंबईत घडलेल्या बदलात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले व त्यातून गिरणगाव पूर्ववत सावरले नाही. कामगार संघटना, त्यांच्या सभा, राष्ट्र सेवा दलासारख्या संस्थांचा परिसर यांतून जे राजकीय भान मनीऑर्डरीबरोबर गावी जात असे, त्याचा उगमच आटला. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शिवसेनेची शाखा ही चाकरमान्याच्या दैनंदिन जीवनातील संस्था बनली. १९९६ मध्ये राजापूर व रत्नागिरी हे दोन्ही मतदारसंघ प्रथमच शिवसेनेकडे गेले, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. १९८९ पर्यंत भिन्न वागणारे दोन मतदारसंघ आता सारखे वागू लागले; म्हणून या टप्प्यावर समान कारण, अर्थात मुंबई, पुढे करणे न्याय्य ठरते.

तथापि जुनी वृत्ती पूर्णतः गेली असेही दिसत नाही. १९९८ मध्ये राज्यात काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांची सरशी झाली. काँग्रेसला ३३ व शिवसेनेला अवघ्या सहा जागा मिळाल्या. त्या सहांत राजापूर होते. पक्ष बदलला तरी राज्याच्या प्रवाहाविरुद्ध उभे राहण्याची रीत टिकून होती.

६

२००९ नंतरच्या इतिहासाचा येथे केवळ निर्देश करावयाचा आहे. नव्या मतदारसंघात २००९ मध्ये काँग्रेसचे निलेश राणे यांनी सुरेश प्रभू यांचा पराभव केला. २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत विजयी झाले. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे नारायण राणे यांनी राऊत यांच्यावर सुमारे ४८ हजार मतांनी विजय मिळविला. या शेवटच्या निकालाची विधानसभा मतदारसंघनिहाय विभागणी अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी. कणकवली, कुडाळ व सावंतवाडी या सिंधुदुर्गातील तिन्ही ठिकाणी राणे यांना आघाडी होती. चिपळूण, रत्नागिरी व राजापूर या रत्नागिरी जिल्ह्यातील तिन्ही ठिकाणी राऊत यांना. नकाशावर एक झालेल्या मतदारसंघात दोन मतदारसंघ अद्याप नांदत आहेत, आणि ज्या गावाने पूर्वी दक्षिणेला आपले नाव दिले ते राजापूर आता उत्तरेच्या बाजूने मोजले जात आहे. यावरून एवढे म्हणता येईल की सीमा आखल्याने मतदारसंघ निर्माण होत नाही. एकाच प्रतिनिधीची पारख अनेक निवडणुकांत एकत्र केल्याने तो घडतो, आणि त्यास एका पिढीचा तरी अवधी लागतो.

अशा मतदारसंघाचा इतिहास केवळ राज्यस्तरीय बेरजांतून लिहिल्यास राजापूरसारखी ठिकाणे ‘अपवाद’ या एका शब्दात संपतात. १९७१ च्या इतिहासात ४२ हा आकडा असतो व उरलेले तीन मतदारसंघ तळटीपेत जातात. वस्तुतः ज्या लोकांनी बहुमताच्या बाजूने जाण्याचा सोपा मार्ग सोडला, त्यांनी तसे का केले, हा प्रश्न लोकशाहीच्या अभ्यासकास बहुमताच्या कारणांइतकाच महत्त्वाचा वाटला पाहिजे. त्याचे उत्तर निकालपत्रकांत अंशतःच मिळेल. मनीऑर्डरीच्या पावत्या, मुंबईतील ग्रामस्थ मंडळांची इतिवृत्ते, गावोगावच्या वाचनालयांची दफ्तरे व ज्या स्त्रियांनी घरातील पुरुष दूर असता मतदानकेंद्राची वाट धरली त्यांच्या आठवणी, ही या इतिहासाची खरी साधने होत. १९५७ मध्ये पहिले मत देणाऱ्या पिढीतील फार थोडी माणसे आता हयात आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम विलंब न लावता हाती घ्यावे. ‘राजापूरहून कोण निवडून आले’ याची यादी सिद्ध आहे. ‘राजापूरने कोणाला व का निवडून दिले’ हे लिहावयाचे राहिले आहे.